झाडपाल्याचं औषध आणि दोघी बहिणींची दुखणी

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहे.

वय ५३. सहा वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. सांध्यांची झीज झाल्याचं निदान आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. जवळजवळ रोज एक पेनकिलर घेत आल्या. वर्षभरापासून पोटात जळजळ होऊ लागली, तेव्हा 'किती दिवस केमिकल पोटात ढकलायचं?' म्हणून हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. दोन महिन्यांत फारसा फरक पडला नाही. मग एका नातेवाइकाने एका जाणकाराकडची पूड आणून दिली. शंभर टक्के वनस्पती, असं तोंडी सांगितलं. डबीवर काहीच लिहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे झाले. दीड महिना रोज घेत आहेत, पेनकिलर सुटली आहे, भूकही छान लागते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, कारण पूर्वी हळदीचं विचारलं तेव्हा 'असलं काही घेऊ नका' एवढंच उत्तर मिळालं होतं. त्यांची ३४ वर्षांची धाकटी बहीण दोन वर्षांपासून आमवाताने, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने, आजारी आहे आणि मेथोट्रेक्सेट घेते. ताईला आलेला गुण पाहून तीही गोळ्या सोडून पुडीवर यायचं म्हणते आहे. पत्रात तीन प्रश्न आहेत: नैसर्गिक औषधाने अपाय तर होणार नाही ना? बहिणीला हो म्हणू का? आणि सांधेदुखीवर खरोखर चालणाऱ्या वनस्पती कोणत्या?

प्रिय ताई,

आधी त्या पुडीबद्दल बोलू. बाकीचं आठ दिवसांनी वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच वाचा.

सहा वर्षांचे गुडघे तीन दिवसांत मोकळे झाले आणि भूक वाढली, या दोन गोष्टी एकत्र वाचून मी थबकले. पोटात घेण्याच्या वनस्पतींचा सांधेदुखीवर जो काही परिणाम होतो, तो जाणवायला सहसा काही आठवडे जावे लागतात. तीन दिवसांत एवढा फरक पाडणारी औषधं आहेत, पण ती वेगळी. एक स्टेरॉइड, दुसरं डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांत हीच दोन गुपचूप मिसळलेली असल्याचं अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी पुन्हा पुन्हा पकडलं आहे. डेक्सामेथासोन हे त्यातलं नेहमीचं नाव. तुमच्या डबीत ते आहेच असा आरोप मी करत नाही. ते तपासणीतूनच कळेल. पण अंगावर काही खुणा दिसतात का ते बघा. दीड महिन्यात चेहरा गोलसर, सुजल्यासारखा झाला आहे का? वजन वाढलं का? झोप उडाली आहे का? जरासं आपटलं तरी काळंनिळं पडतं का? रक्तदाब किंवा साखर नेहमीपेक्षा चढी आहे का? यातल्या एक-दोन प्रश्नांना 'हो' असेल तर संशय बळावतो.

आणि तरीही, हे वाचून घाबरून आज रात्रीच पूड बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं स्वतःचं काम मंद करतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ चाललेलं स्टेरॉइड एकदम तोडलं, तर शरीराला ते भरून काढायला वेळच मिळत नाही. कमालीचा थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, कधी जिवावरही बेतू शकतं. म्हणून उद्या, फार तर परवा, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या होतील. गरज वाटली तर सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी स्वतः बनवतात ते स्टेरॉइड, किती आहे तेही बघतील. पूड एका दमात थांबवायची की तिच्या जागी मोजून स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवायचं, हे त्यांना ठरवू द्या. त्याआधीच भोवळ, सततच्या उलट्या किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

मिसळ फक्त गोळ्यांचीच असते असं नाही. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली; त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती तर नाव, पत्ता, लेबल असलेली उत्पादनं होती. तुमच्या डबीवर काहीच नाही. काही बिघडलं तर विचारायचं कोणाला?

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. पत्रात सगळीकडे एक समजूत गृहीत धरलेली दिसते: झाडातून आलेलं ते सौम्य, कारखान्यातून आलेलं ते कठोर. औषधशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि ही समजूत दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांबरोबर वर्गात यायची. ती मूर्खपणाची नाही. रोजच्या पेनकिलरने पोट बिघडलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? पण ज्या गोळ्यांना तुम्ही केमिकल म्हणता, त्या जातीच्या पहिल्या गोळीचा जन्मच झाडाच्या सालीतून झाला आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की विलो नावाच्या झाडाच्या सालीची पूड तापावर गुण देते. त्या सालीत सॅलिसिन असतं. त्याच्या धाग्याने सॅलिसिलिक ॲसिड हाती आलं. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी त्याला पोटाला जरा सोसवेल असं रूप दिलं आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकलं जाऊ लागलं. ते शरीरात नेमकं काय करतं, हे कळायला मात्र १९७१ उजाडावं लागलं. जॉन वेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

तुमच्या पोटातल्या जळजळीचं उत्तरही इथेच आहे. प्रोस्टाग्लँडिनमुळे सांध्यात सूज आणि ठणका वाढतो हे खरं, पण तीच द्रव्यं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. दुखणं थांबवताना ते संरक्षणही जातं. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारं औषध आणि पेनकिलर असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडावर चांगलाच ताण येतो. म्हणजे रोजची पेनकिलर सोडावी असं तुम्हाला वाटलं, ते अगदी योग्यच वाटलं. तिच्याजागी काय आणलं, तिथे गडबड झाली.

जे झाड दुखण्यावर खरोखर काही करतं, त्यात औषधी द्रव्य असतं. मग त्याला डोस असतो, दुष्परिणाम असतात, इतर औषधांशी भांडणं असतात. गाऊटवर, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीवर, वापरलं जाणारं कोल्चिसिन कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून येतं. अत्यंत उपयोगी औषध, पण उपयोगी डोस आणि घातक डोस यांत फार थोडं अंतर. अफूतून मॉर्फिन आलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या वनस्पतीजन्य गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया या वेलीचा अंश गेला आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. कारखान्यातल्या गोळ्यांनीही माणसं दगावतात, हे मी विसरलेले नाही. मूळ कुठलं यावरून धोका कळत नाही, एवढाच मुद्दा.

तुमच्या बहिणीचं प्रकरण याहून गंभीर आहे. तुम्ही दोघींच्या दुखण्यांना एका ओळीत बसवलंत, कारण दोघींचे सांधे दुखतात. पण तुमचा आजार आणि तिचा आजार वेगळे आहेत. तुमच्या गुडघ्यात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजली आहे. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरत असेल, आणि चालून-चढून दुखणं वाढत असेल. तिच्या शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटली आहे. अशा रुग्णांचे हात सकाळी तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ आखडलेले असतात, दोन्ही बाजूंचे सारखेच सांधे सुजतात, आणि सूज आवरली नाही तर हाडाचे कंगोरे खाल्ले जातात. हे नुकसान आजाराच्या पहिल्या काही वर्षांत झपाट्याने होतं आणि एकदा झालं की भरून येत नाही.

मेथोट्रेक्सेट ही पेनकिलर नाही. ते दुखणं लगेच थांबवत नाही, परिणाम दिसायलाच सहा ते बारा आठवडे घेतं, म्हणून रुग्णांचा त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पण ते सांधा खाणारी प्रक्रिया अडवतं. उलट, तुमच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर तिला चार दिवसांत विलक्षण बरं वाटेल, आणि खरी भीती तीच आहे. वाळवी लागलेल्या चौकटीला रंग दिला की ती नवी दिसते. दुखत नाही म्हणून तपासण्या लांबतील, आणि वर्षभराने बोटं वाकडी झालेली दिसतील.

वनस्पतींनी आमवात आवरतच नाही असंही म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चीनमध्ये परंपरेने वापरल्या जाणाऱ्या, इंग्रजीत 'थंडर गॉड वाइन' म्हटल्या जाणाऱ्या वेलीचा अर्क तिथल्याच एका चाचणीत २४ आठवडे मेथोट्रेक्सेटच्या तोडीस तोड ठरला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मग ती सगळ्यांना का देत नाहीत? कारण तिने पाळी बंद पडू शकते, पुरुषांची प्रजननक्षमता घटते, हाडं विरळ होतात, आणि झाडाचे काही भाग सरळ विषारी आहेत. प्रतिकारशक्तीला लगाम घालण्याइतकी ताकद ज्या कशात आहे, त्यात उपद्रवाचीही ताकद आहे. दुसरं टोक म्हणजे 'इम्युनिटी वाढवणारी' काढे-चूर्णं. जिची प्रतिकारशक्तीच अतिउत्साही झाली आहे, तिने ती आणखी वाढवायची? गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०२१ पासून प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांतल्या अनेकांच्या यकृताचा दाह प्रतिकारशक्ती उलटल्यासारखा होता. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं यकृत आधीच डॉक्टरांच्या नजरेखाली असतं. त्यात गुपचूप असं काही घातलं की रक्ततपासणी बिघडल्यावर दोष कोणाचा, हेही कळत नाही.

पण बहिणीला 'नाही' म्हणण्याआधी एक विचारा: तिला गोळ्या का नको आहेत? तुमच्या पत्रात याचं कारण नाही, आणि मला वाटतं सगळं तिथेच अडलं आहे. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर सोबत देतात त्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचं प्रमाण बदलता येतं, गोळीऐवजी इंजेक्शन देता येतं. केस गळतात म्हणून घाबरली असेल तर त्यावरही बोलता येतं. चौतिसाव्या वर्षी मूल हवं असेल आणि ते बोलून दाखवलं नसेल, तर फार महत्त्वाचं आहे, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे आणि गर्भधारणेच्या काही महिने आधी ते थांबवून त्या काळात चालणारी दुसरी औषधं सुरू करावी लागतात. ती उपलब्ध आहेत. आणि हो, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. तिच्या डोक्यात हा दिवस पक्का आहे ना, तेवढं विचारून घ्या.

तेव्हा तिला तुमची पूड मुळीच देऊ नका.

आता तुम्ही ज्याची वाट बघत असाल ते. वनस्पतींमध्ये खरोखर काही दम आहे का? आहे, पण माफक. झिजेच्या सांधेदुखीत दुखणं थोडं उतरवणं, गोळ्यांची संख्या कमी करणं, इतपत. कूर्चा परत आणणारी वनस्पती अजून मिळालेली नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातीपासून चार हात दूर राहावं.

मला विचाराल तर गुडघ्यासाठी पहिली पसंती मिरचीला, तीही पोटातून नव्हे, मलमातून. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे. हे द्रव्य नसांच्या टोकांवरच्या ज्या ग्राहकाला (आग-उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. सुरुवातीला आग होते, पण पुन्हा पुन्हा लावल्यावर त्या नसा दुखण्याचा संदेश देईनाशा होतात. ०.०२५ ते ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चार वेळा नियमित लावावं लागतं, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे. बहुतेक जण आग सहन न होऊन किंवा कंटाळून आठवड्यातच सोडतात, आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठी ८ टक्क्यांची पट्टीही असते. ती दवाखान्यातच लावतात. एका वेळच्या तासाभराच्या पट्टीचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो.

दुसरी शल्लकी, म्हणजे सालईचा डिंक. पेनकिलर ज्या वाटेने जाते त्या वाटेने ही जात नाही. तिच्यातली बॉस्वेलिक ॲसिडं सूज वाढवणाऱ्या ल्युकोट्रिन नावाच्या दुसऱ्याच द्रव्यांना अडवतात. वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा झिजेच्या सांधेदुखीवरच्या वनस्पतींचा एक आढावा २०१४ मध्ये आला. त्यात शल्लकीचा १०० मिलिग्रॅमचा तीव्र केलेला अर्क तीन महिने घेणाऱ्यांचं दुखणं, ० ते १०० च्या मोजपट्टीवर, निव्वळ खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १७ गुणांनी कमी भरलं. चाचण्या छोट्या आहेत, तरी वनस्पतींच्या बाबतीत हा आकडा बरा म्हणायचा. पोट बिघडणं, जुलाब हे होऊ शकतात.

हळदीविषयी तुमची निराशा मला समजते. तिच्याबद्दल इतकं बोललं जातं की तिने निदान चमत्कार तरी करायला हवा होता. हिशेब असा: हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे ३ ग्रॅमच्या एका चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम. चाचण्यांत वापरतात ते ५०० ते १,५०० मिलिग्रॅमचे अर्क. त्यातही करक्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. मिरीतल्या पिपेरिनने हे शोषण २० पट वाढतं असं १९९८ मध्ये दिसलं, तेव्हापासून कॅप्सूलमध्ये मिरी घालायची पद्धत पडली. पण पिपेरिन इतर औषधांचीही शरीरातली विल्हेवाट रोखतं, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या गोळ्यांचा परिणाम अनपेक्षितपणे वाढू शकतो. शिवाय अलीकडे हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताचा दाह झालेले जे रुग्ण नोंदले गेले, त्यांत जास्त शोषली जाणारी उत्पादनं ठळकपणे दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत एक विशिष्ट जनुकीय ठेवणही आढळली. आपल्यात ती आहे की नाही, हे कॅप्सूल गिळताना कोणाला माहीत असतं?

तरी हळद अगदीच कुचकामी नाही. गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवरची एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, रोज १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनच्या जवळपास बरोबरीने चालला आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. मात्र ती चारच आठवड्यांची होती, आणि खोटी गोळी घेणारा गट त्यात नव्हता. तुम्ही दोन महिने घेऊन पाहिलीत, फरक नाही, तर प्रश्न निकालात निघाला. जेवणातली हळद चालू द्या. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी कॅप्सूलच्या वाटेला जाऊच नये.

आल्याचा परिणाम त्याहूनही हलका, आणि पोटात जळजळ होणाऱ्या तुमच्यासारखीला ते मानवेलच असं नाही. कलहारी वाळवंटातलं 'डेव्हिल्स क्लॉ' नावाचं कंद आणि विलोच्या सालीचा प्रमाणित अर्क कंबरदुखीत काहींना उपयोगी पडतात. पण ॲस्पिरिन सोसत नाही त्याने विलोची साल टाळावी, भावंडंच ती. अर्निका या फुलझाडाचं जेल बोटांच्या झिजेत आयबुप्रोफेनच्या जेलइतकं चाललेलं दिसलं आहे. कॉम्फ्रे या झुडपाचं मलम मुरगळण्यावर बरं, पण अखंड कातडीवर आणि थोडे दिवसच; पोटात घेतलं तर त्यातली अल्कलॉइड्स यकृत खराब करतात.

या यादीत न बसणारा एक पर्याय तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा: तुम्ही गिळत होतात तशाच जातीचं वेदनाशामक जेलच्या रूपात गुडघ्यावर लावणं. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यापुरतं काम करतं आणि रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंडावरचा भार पुष्कळ हलका होतो. गुडघ्याच्या झिजेत गोळीआधी जेल वापरून पाहावं, असंच हल्लीचे मार्गदर्शक नियम सांगतात. ते झाडातून येत नाही, एवढ्यासाठी नाकारू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि असल्यास जादा वजन उतरवणं, हे तुम्ही विचारलं नाहीत म्हणून थोडक्यात: वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने उतरतो, आणि नियमित व्यायामाइतका भक्कम पुरावा वरच्या एकाही वनस्पतीकडे नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस दुखेल. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या.

वनस्पती करून बघायची असेल तर एका वेळी एकच. आणि पुडीचा निकाल लागल्यावर, आधी नाही. जुनं दुखणं आपलं आपण वर-खाली होत असतं, आणि आपण नवं औषध सुरू करतो तेच मुळी अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ते जरा उतरणारच होतं. श्रेय औषधाला जातं. यावर साधा उपाय आहे. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा लिहा, आणि सोबत रोजचं एखादं काम निवडा: जिना चढणं, खाली बसून उठणं, असं काही. मग सहा ते आठ आठवडे ठरलेल्या डोसने घ्या, लिहीत राहा. सरासरी किमान २ आकड्यांनी उतरली नाही तर उगाच पैसे आणि यकृत खर्ची घालू नका. उतरली, तर दोन आठवडे थांबवून बघा की पुन्हा चढते का. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग, अर्कात मुख्य द्रव्य किती, बॅच क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, तर ते उत्पादन आणूच नये. पोटातून घ्यायचं काहीही सुरू करण्याआधी एकदा यकृताची तपासणी झालेली बरी. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी बंद. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीच थांबवा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांशी बोलण्याचं तुम्हाला दडपण आहे, आणि मागच्या अनुभवानंतर ते साहजिक आहे. एका वाक्यात विषय संपवणारे डॉक्टर रुग्णाला गप्प करतात, आणि मग हीच पूड पडद्याआड चालू राहते. यात चूक तुमचीच होती असं मी म्हणणार नाही. पण या वेळी प्रश्न बदलून बघा. 'हे घेऊ का?' असं विचारलं की उत्तर 'नको' असंच येतं. त्याऐवजी डबी टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'मी हे दीड महिना घेतलं आहे. यामुळे काही तपासण्या कराव्या लागतील का? आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर कोणत्या गोष्टी चालणार नाहीत?' या प्रश्नाला नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. तरीही ऐकून घेतलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. औषधविक्रेत्याकडे बसणाऱ्या फार्मासिस्टनाही औषधांच्या आपसातल्या भांडणांची चांगली माहिती असते. आपण त्यांना कधी विचारत नाही.

मिरचीचं मलम आणाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या. गुडघ्याला लावून झालं की लगेच साबणाने हात धुवा. तो हात डोळ्याला लागला तर पुढचा तासभर दुसरं काही सुचणार नाही. ज्यांना बोटांच्या सांध्यांनाच लावायचं असेल त्यांनी अर्धा तास थांबून मग धुवावेत, आणि तोवर चेहऱ्याला हात लावू नये. गरम पाण्याने अंघोळ करून लगेच लावू नका, वरून शेक घेऊ नका, कातडी फुटलेली असेल तिथे तर नकोच. पहिल्या आठवड्यातली आग दिवसेंदिवस कमी होत गेली पाहिजे. ती वाढत गेली, किंवा फोड आले, तर मलम बंद करून डॉक्टरांना दाखवा.